अजिंठ्याच्या भिंतींवरचे रोगण



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. ज्याने तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांची संघटना चालवली त्याने संपावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कापसाच्या भावावर बोलावे. मी विषय कळवला तो रोगणाचा. तेव्हा एका चालकाने थट्टेने विचारले, "काय, दुकान काढता की काय?" दुकान काढावयाचे नाही. मी इतिहासाचा पदवीधरही नाही. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर झाले. परंतु ज्या गोष्टीने आपले हात पोळले तिचा इतिहास माणूस मन लावून वाचतो. रोगणाने माझे हात पोळले आहेत, म्हणून हा विषय.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. घाटाखालच्या एका जिनिंग कारखान्यात एक वयस्क फिटर होते. त्यांना शाडूच्या मातीची चित्रे करण्याचा नाद होता. एका वर्षी गणपतीच्या दिवसांत त्यांनी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक देखावा मांडला. देव नाहीत, राजे नाहीत; होता आमचाच कारखाना. रेच्यांची रांग, कापसाचा ढीग, टोपलीत सरकी उचलणाऱ्या बाया, गाठी बांधणारे गडी, दारातला पहारेकरी. एकूण बत्तीस मूर्ती, प्रत्येक बोटभर उंचीची. रंग पाण्यातले, खडूच्या भुकटीत आणि डिंकात कालवलेले. आणि नवल असे की, एवढ्याशा त्या तोंडांवरून कोण कोण आहे ते ओळखू येत असे. "ही तर आपली शेवंताबाई," असे म्हणत लोक काचेला नाक लावीत. स्वतःलाही त्यांनी एका कोपऱ्यात, हातात पाना घेऊन, बसवले होते.

पुढे ते फिटर वारले. मूर्तींवर धूळ बसू लागली, एकदोघांचे रंग पावसाळ्यात ओलीने सुटले. मी संघटनेचा चिटणीस. हा ठेवा जपला पाहिजे असे माझ्या मनाने घेतले. सुताराकडून फर्निचरला लावावयाच्या व्हार्निशचा डबा आणला आणि एका रविवारी बसून बत्तीसही मूर्तींवर ब्रश फिरवला. त्या संध्याकाळी रंग असे उजळले की, मी स्वतःवर खूष झालो. दिव्याखाली मात्र प्रत्येक तोंडावर काजव्याएवढा एकेक ठिपका चमकत होता आणि त्या चमकेमागे नाक-डोळे दिसत नव्हते. तिकडे मी लक्ष दिले नाही. चारपाच वर्षांत ते रोगण पिवळे पडले, मग तपकिरी झाले. पांढरी लुगडी कावीळ झाल्यासारखी दिसू लागली आणि काही ठिकाणी रोगण आक्रसून खालचा रंग घेऊनच उकलले. एकदा त्या फिटरांची मुलगी कचेरीत आली. बराच वेळ काचेजवळ उभी राहून तिने मला विचारले, "दादा, ह्यातले माझे बाबा कोणते?"

त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी रोगणाविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता आपल्या शेजारच्या अजिंठ्यास जाऊन पोचलो. तेथे गेल्यावर कळले की, माझ्या हातून घडली ती चूक फार मोठ्या माणसांच्या हातूनही घडली आहे, आणि ती निस्तरण्यास पुढच्या दोनतीन पिढ्या खपल्या आहेत.

प्रथम चकाकी म्हणजे काय ते पाहू. पहिल्या पावसाने भिजलेली जमीन काळीभोर दिसते आणि वाळली की फिकी पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माती तीच असते. कोरड्या मातीच्या कणाकणांत हवा असते. प्रकाश त्या खडबडीत पृष्ठावर आपटून चोहीकडे पसरतो आणि डोळ्याला पांढुरका भास होतो. पाण्याने फटी भरल्या की प्रकाश आत शिरतो आणि मातीचा स्वतःचा रंग गडद होऊन दिसतो. रोगण म्हणजे न वाळणारे पाणी. पाण्यातल्या रंगाने काढलेल्या चित्रावर ते फिरवले की चित्र ओले झाल्यासारखे खुलते. हा त्याचा मोह. पण रोगणाचे वरचे पृष्ठ आरशासारखे सपाट होते, म्हणून दिवा किंवा खिडकी त्यात दिसते आणि चित्र दिसेनासे होते. हा त्याचा दोष. दुकानात जे बिनचकाकीचे, म्हणजे मॅट, व्हार्निश मिळते त्यात हा दोष टाळण्यासाठी सिलिकाची अतिशय बारीक भुकटी किंवा मेण मिसळलेले असते. त्याने वरचे पृष्ठ डोळ्याला न दिसण्याइतके खरखरीत राहते आणि प्रकाश पुन्हा पसरतो.

आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांना ह्या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. कागदावरची जी लहान चित्रे, ज्यांना आज लघुचित्रे म्हणतात, ती राजस्थानात, दख्खनच्या दरबारांत आणि पहाडी मुलखात शेकडो वर्षे निघाली. त्यांचे रंग दाट, डिंकात कालवलेले. त्यांवर रोगण लावण्याची रीत नव्हती. चित्र गुळगुळीत दगडावर पालथे घालून पाठीमागून अकीकाच्या घोटण्याने घोटीत, त्याने रंगाचे कण दबून बसत आणि एक मंद तजेला येई. मग ते चित्र बासनात गुंडाळून ठेवीत आणि प्रसंगाने काढून हातात धरून पाहत. त्या चित्राचे रक्षण करणारी वस्तू म्हणजे ते बासन. उजेड नाही, धूळ नाही, आणि चित्राच्या अंगावर परक्या पदार्थाचा थर नाही.

ह्याच्या उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोकणात सावंतवाडीला गंजिफाची पाने होतात. वाटोळी, हातावर मावणारी पाने. त्यांवर दशावतारांची चित्रे. त्यांना लाखेचे रोगण दिलेले असते आणि ते योग्यच आहे. कारण ते पान डावात शंभर वेळा हातातून हातात जाते, घामाने ओले होते, जमिनीवर आपटले जाते. तेथे रोगण नसेल तर चित्र आठवडाभरही टिकणार नाही. म्हणजे एकच लाख एके ठिकाणी तारक आणि दुसरे ठिकाणी मारक. जी वस्तू हाताळली जाते तिला कवच हवे; जी नुसती पाहावयाची तिला कवचाची गरज आहे काय, हे आधी विचारले पाहिजे. मी हा प्रश्न विचारला नाही. अजिंठ्यासही तो वेळेवर विचारला गेला नाही.

आता अजिंठ्याकडे वळू. ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर आपले बुलढाणे वसले आहे तिचेच नाव अजिंठा. आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असा जो भेद करतो तो ह्याच रांगेमुळे. तिच्या पश्चिमेकडील एका वळणावर, वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या दरीत ही लेणी आहेत. त्यांतली काही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली, आणि बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळची. हा हरिषेण वत्सगुल्माचा, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशीमचा. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव ह्याचा शिलालेख आहे. तेव्हा अजिंठा आज दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तो आपल्याला परका नाही.

ह्या भिंती कशा रंगवल्या ते समजून घेतले पाहिजे, कारण रोगणाची सारी कथा त्यावर अवलंबून आहे. मूळ खडक आपलाच काळा कातळ. टाकीचे घाव तसेच खरखरीत ठेवून त्यावर मातीचा गिलावा दिला. त्या मातीत भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळले. आपल्या खेड्यातली भिंत ज्या रीतीने लिंपतात तीच ही रीत. त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर त्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडी काव, पिवळी माती, ह्याच कातळाच्या मुलखात सापडणारी हिरवी माती, काजळ आणि पांढरा. एक निळा तेवढा दूरचा. तो लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदक्षानाहून येई. युरोपात ओल्या चुन्यावर रंगवण्याची जी पद्धत होती तिच्यात रंग चुन्यातच बसतो. अजिंठ्याचा रंग तसा नाही. तो कोरड्या भिंतीवर बसलेला, नाजूक, आणि मुळातच बिनचकाकीचा आहे. मद्रासच्या संग्रहालयातील रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात ह्या गिलाव्याची आणि रंगांची तपासणी करून ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. परंतु तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळाचा एक अधिकारी ह्या दरीत आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचे नाव कोरून गेला. येथून अजिंठ्याचा अर्वाचीन इतिहास सुरू झाला असे म्हणतात. त्याआधी हजारबाराशे वर्षे ही चित्रे कोणाच्याही रक्षणावाचून उभी होती हे आपण ध्यानात ठेवावे. वटवाघळे होती, पाझर होता, आसऱ्याला येणाऱ्यांच्या चुलींचा धूर होता, आणि गिलावा पुष्कळ ठिकाणी गळून पडला होता. पण जे उरले होते त्यावर माणसाने काही चोपडलेले नव्हते.

१८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल ह्यांस चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्यांनी ह्या कामात जन्म काढला. त्यांच्या मोठमोठ्या नकला विलायतेस गेल्या, सिडनहॅमच्या काचमहालात मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. मलकापूर-नांदुऱ्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्यापैकी किती जण त्या कबरीजवळून रोज जातात आणि त्यांना ती ठाऊक नसते!

पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात येथे येत राहिले. त्या विद्यार्थ्यांत पुढे नावारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी होते. ह्यांच्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. जे वाचले त्यावरून ग्रिफिथ्स ह्यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. हे काम मोठे आहे. त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु नकला करणाऱ्यांची एक अडचण होती. लेण्यात अंधार, चित्रावर धूळ आणि काजळी, रेषा दिसेना. तेव्हा चित्र उठून दिसावे म्हणून भिंतीवर रोगणाचा हात फिरवला गेला. मघाशी सांगितलेली ओल्या मातीची जादू! रेषा दिसली, नक्कल झाली, कागद आणि कापड मुंबईस गेले. रोगण भिंतीवर राहिले. म्हणजे नकलेच्या सोयीसाठी अस्सल चित्राच्या अंगावर कायमचा थर चढला, आणि आगीने नक्कलही नेली.

आता दुसरा अध्याय. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, परंतु अजिंठा निजामाच्या राज्यात राहिला. हैदराबादेस १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते निघाले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी हे विद्वान व तळमळीचे गृहस्थ होते. चित्रांचे पापुद्रे सुटत आहेत हे पाहून त्या काळी जगात जे उत्तम समजले जात होते तेच आणावे असे ठरले. इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन जाणकार आले आणि १९२० ते १९२२ ह्या काळात हिवाळ्यांत त्यांनी काम केले. सुटणारा गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला, तुटक्या कडा बांधून घेतल्या, चित्रे पुसून साफ केली. हे काम त्यांनी केले नसते तर आज आपण जी चित्रे पाहतो त्यांतली कित्येक जमिनीवर चुरा होऊन पडली असती. आणि मग शेवटी, संरक्षणासाठी, त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले.

लाख ही आपल्याच मुलखातली वस्तू. पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवर एक किडा बसतो आणि अंगातून राळेसारखा पदार्थ गाळतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून ताणला की चपडा लाख होते, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळली की सुताराचे पॉलिश. पांडवांना जाळण्यासाठी लाक्षागृह बांधले गेले ही कथा आपण लहानपणी ऐकली. दिसावयास देखणे आणि आत शिरलेल्याला बाहेर पडणे कठीण, असे ते घर होते. लाखेच्या रोगणाचा स्वभावही काहीसा तसाच आहे. नवे असता ते स्पिरिटने सहज निघते. पण जसजशी वर्षे जातात तसतसे त्याचे कण एकमेकांत गुंतत जातात, ते पिवळे-तांबूस होते आणि स्पिरिटला दाद देईनासे होते. ज्या वेळी ते काढावयाची गरज भासते, नेमके त्याच वेळी ते निघत नाही.

अजिंठ्यास तसेच झाले. प्रथम रंग खुलले. पुढे रोगण पिवळे झाले, धूळ धरू लागले, वटवाघळांची घाण आणि धूर त्यात रुतला. निळ्यावर पिवळा चढला की तो हिरवट दिसतो, पांढरा मातकट होतो. भर म्हणून त्या थराची चकाकी, जिच्यामुळे दिवा धरला तर चित्राऐवजी दिव्याचाच डाग दिसावा. आणि आतली गोष्ट ह्याहून वाईट: आक्रसणारा थर नाजूक रंगाला आपल्याबरोबर ओढतो. माझ्या शाडूच्या बायांची लुगडी जशी उकलली तशीच.

निजामाचे राज्य १९४८ मध्ये गेले. १९५३ पासून अजिंठ्याच्या चित्रांची निगा भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आली आणि त्याच्या रसायन शाखेपुढे पहिले काम उभे राहिले ते पूर्वीच्या रक्षणकर्त्यांनी दिलेले रक्षण काढण्याचे. हे काम कसे चालते ते ऐका. द्रावक कापसाच्या बोळ्यावर घ्यावयाचे, वाटीएवढ्या जागेवर टेकवावयाचे, रोगण मऊ झाले की टिपून घ्यावयाचे आणि रंग सुटू लागण्याच्या आत थांबावयाचे. मग दुसरा बोळा. एका भिंतीस महिने लागतात. पुढे सुटते रंग बसवण्यासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट ह्या नव्या कृत्रिम राळेचे पातळ द्रावण वापरात आले. ती लाखेइतकी पिवळी पडत नाही. परंतु कोणताही थर जाड झाला की धूळ धरतोच, हे तिलाही चुकले नाही.

नववे आणि दहावे ही लेणी सर्वांत जुनी. त्यांतली चित्रे काजळी आणि रोगणाखाली इतकी बुडाली होती की, पाहुण्यास ती काळी भिंत वाटे. १९९९ पासून खात्याचे राजदेव सिंग आणि त्यांचे सहकारी ह्या दोन लेण्यांत बसले आणि टिचभर टिचभर करीत त्यांनी ते थर उतरवले. खाली निघाले ते दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे, भारतात आज शिल्लक असलेल्या अशा प्रकारच्या चित्रांतले अगदी जुने. मी ते पाहिले तेव्हा माझ्याजवळ एक शाळेची सहल उभी होती. एका मुलाने विचारले, "सर, हे कोणाचे फोटो आहेत?" हा प्रश्न त्या काळ्या भिंतीपुढे कोणी विचारला नसता.

श्रोतेहो, हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. हॉलंडमध्ये रेम्ब्रांटचे १६४२ मधले एक प्रसिद्ध चित्र आहे, शहराच्या रक्षकदलाचे. जगात ते 'रात्रीचा पहारा' ह्या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यावरची रोगणाची काळपट पुटे उतरवली तेव्हा दिसले की, प्रसंग दिवसाचा आहे! रोगणाने दिवसाची रात्र केली आणि लोकांनी त्या रात्रीचेच नाव चित्राला दिले. फ्रान्समधले चित्रकार पिसारो ह्यांनी तर आपल्या एका चित्राच्या पाठीमागे, ह्यावर रोगण लावू नये, अशी विनंतीच लिहून ठेवली. आमच्या फिटरांना तशी चिठ्ठी लिहिण्याचे सुचले नाही. आपला चिटणीस असे काही करील असे त्यांच्या मनातही आले नसेल.

मग दोष कोणाचा? चेक्कोनींचा म्हणावा तर त्यांनी त्यांच्या काळचे मान्य ज्ञानच वापरले. आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यांनी पुष्कळ वाचवलेही. दोष हेतूत नव्हता. दोष होता तो असे मानण्यात की, आपण जे करतो आहोत ते शेवटचे आहे. आम्ही संघटनेचे लोक मालकाशी करार करतो तेव्हा त्यात मुदत लिहितो. तरुणपणी मला वाटे की, चांगला करार कायमचा असावा. जुन्या जाणत्यांनी शिकवले की, मुदत नसलेला करार हा फास आहे. आज जो दर भरघोस वाटतो तो दहा वर्षांनी उपासमारीचा होतो आणि मग त्यातून बाहेर पडावयास दार राहत नाही. रोगणाचे नेमके तेच आहे. जे लावाल ते पुढच्या माणसाला खालच्या रंगाला धक्का न लावता काढता आले पाहिजे. सगळ्या जगातले चित्ररक्षक आज हाच नियम पहिला मानतात. पण हा नियम लिहिला गेला तो अजिंठ्यासारख्या शेकडो भिंतींच्या किमतीवर.

हे सर्व ऐकून, घरी किंवा मंडळात रंगवलेल्या लहान मूर्ती असलेले कोणी विचारतील की, मग लावावे तरी काय? जे मी शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू हाताळली जाणार आहे काय ते ठरवा. जी कपाटात राहणार तिला काचेची पेटी हेच उत्तम रोगण. जी हातात येणार, जशी गंजिफाची पाने, किंवा परदेशात बोटभर शिपाई रंगवून त्यांच्या लढाया खेळतात तसे शिपाई, तिला थर हवा. ते छंदी लोक कित्येकदा आधी चकाकीचा कणखर थर देतात आणि त्यावर बिनचकाकीचा पातळ थर देऊन चमक मारतात. कारण भुकटी मिसळलेले बिनचकाकीचे रोगण तुलनेने कमजोर असते.

दुसरी, खालचा रंग कशात कालवला आहे ते विचारा. डिंकाच्या रंगावर पाण्यातले रोगण ब्रशाने लावले तर रंग त्यात वाहून जाईल. तेलाच्या रंगावर तीव्र द्रावकाचे रोगण लावले तर रंग मऊ होईल.

तिसरी, बिनचकाकीच्या रोगणाचा डबा खालपर्यंत ढवळा, कारण भुकटी तळाशी बसते. हात पातळ द्या. जाड दिला तर गडद रंगावर राख उडाल्यासारखा पांढुरका पडदा येतो. आणि पावसाळ्यात, हवा ओली असता, हे काम करू नका. ओल थरात अडकून तो पांढरा पडतो.

चौथी, जवसाच्या तेलाचे किंवा लाखेचे फर्निचरचे रोगण चित्राला लावू नका, ते कितीही स्वस्त आणि ओळखीचे असले तरी. दोन्ही पिवळी पडतात आणि दोन्ही जुनी झाल्यावर सुटत नाहीत. आज ॲक्रिलिक जातीच्या राळा मिळतात. त्या पुष्कळ वर्षे पांढऱ्या राहतात. पण डब्यावर नुसते 'मॅट' लिहिले आहे एवढ्यावर जाऊ नका; हे पुढे कशाने निघते, हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आले नाही तर दुसरे दुकान गाठा.

पाचवी, आधी एका फुटक्या तुकड्यावर करून पाहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा थांबा.

आणि सहावी, काय लावले, केव्हा लावले, किती हात दिले, ते वहीत लिहून ठेवा. सभेच्या इतिवृत्तात चहाचा खर्चसुद्धा लिहिणाऱ्या मी, त्या रविवारी कोणते रोगण लावले त्याची ओळही लिहिली नाही. डबा भंगारात गेला. त्यामुळे पुढे एका जाणत्या माणसाने "लावलेत काय?" असे विचारले तेव्हा मला मान खाली घालावी लागली. त्याने एका फुटलेल्या मूर्तीवर बोळा फिरवून पाहिला. रोगणाबरोबर रंगही कापसावर आला. तो म्हणाला, "आता हात लावू नका. पुढे कोणाला चांगली रीत सापडेल." तेव्हापासून ह्या मूर्ती अंधाऱ्या कपाटात आहेत.

गेल्या वर्षी फिटरांच्या मुलीने एक पत्र्याची पेटी आणून दिली. तिच्या वडिलांनी जास्तीच्या केलेल्या, देखाव्यात न मांडलेल्या सहा मूर्ती त्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. रंग जसेच्या तसे, फिके आणि कोरडे. त्यांत पाना घेतलेला एक गडी आहे. मूळच्या मूर्तीआधी करून पाहिलेला कच्चा नमुना असावा. नाक थोडे मोठे झाले आहे, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला असेल. मुलीने तो उजेडात धरला आणि ती एकदम हसली.

कोणी सुचवले की, ह्यांवर तरी बिनचकाकीचा हात द्यावा. आम्ही दोघांनी विचार केला. पाच मूर्ती काचेच्या पेटीत तशाच ठेवल्या आहेत. सहावीचा पाय मुळातच मोडलेला होता; तिच्या पाठीवर चार बोटांतल्या एका बोटाएवढ्या जागेत ॲक्रिलिक मॅट रोगणाचा एक फवारा मारून पाहिला आहे, आणि संघटनेच्या वहीत रोगणाचे नाव, तारीख आणि ते कशाने निघते ते लिहिले आहे. खाली मुलीची व माझी सही आहे. दोन पावसाळे जाऊ द्यावयाचे असे ठरले आहे. एक गेला.